वाचनालयातला पेपरचा बाक: ठेवावा की काढावा?

काउंटरपलीकडे | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. सरकारी अनुदानाच्या 'अ' ते 'ड' वर्गांतला 'ब' वर्ग, इमारत स्वतःची. पुढे ओटा, मग दोन खोल्या, मागे पुस्तकांचं दालन. एक ग्रंथपाल बाई, एक लिपिक, एक शिपाई. वर्गणी महिना ३० रुपये, तीही थकलेली.

पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लांब सागवानी बाक आहे. दाटीवाटीनं आठ जण बसतात. समोर उतरतं टेबल, त्यावर पेपर. हा विभाग मुक्तद्वार, म्हणजे सभासद नसलात तरी या, वाचा, जा. पैसे नाहीत.

गेल्या सभेत एका तरुण सदस्यानं प्रस्ताव आणला. बाक काढायचा, तिथे १४ क्युबिकल्सची अभ्यासिका करायची, ५०० रुपये महिना. म्हणजे दरमहा ७००० रुपये. गावात एमपीएससी करणारी पोरं ढीगभर, जागा आठवड्यात भरतील. आणि बाकापासून उत्पन्न किती? शून्य. उलट पेपरांचं बिल, पंखा, उन्हाळ्यात माठ.

मी विरोध केला. का, असं विचारल्यावर "तो बाक म्हणजे गावाचा..." इथवर आलो आणि अडकलो. सगळे हसले. अध्यक्ष तात्या म्हणाले, "पुढच्या सभेला कारण घेऊन ये, मग बघू." सभा महिन्यानं आहे.

तर कारण द्या. किंवा मी चुकतोय असं सांगा. वाचनालयामुळे गाव जोडलं जातं हे आपण भाषणात म्हणतो, पण ते नेमकं कुठे नि कसं जोडलं जातं?

---

खिडकीतला_वारा | सोमवार, रात्री १०.०५

बाक ठेवा!! आमच्या आजोबांनी अशाच बाकावर ४० वर्षं पेपर वाचला. ते गेले तेव्हा घरचे नातेवाईक पोचायच्या आधी बाकावरची माणसं दारात होती. यापेक्षा मोठं कारण काय हवं?

---

संशयात्मा | सोमवार, रात्री १०.३१

खि.वा., भावना पोचल्या. पण सभेत ७००० रुपयांसमोर आजोबा चालणार नाहीत.

धागाकर्त्यांना साधा प्रश्न. त्या बाकावर बसतं कोण? मी सांगतो: निवृत्त मास्तर, निवृत्त तलाठी, निवृत्त बँकवाले, दोन रिकामटेकडे राजकारणी. सगळे पुरुष, सगळे साठीच्या पुढचे. बाई कधी बसलेली पाहिलीत का? खालच्या आळीतला मजूर? वीस वर्षांचं पोरगं? आठ जणांच्या गप्पांच्या अड्ड्याला 'गाव' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

---

काउंटरपलीकडे | सोमवार, रात्री १०.४४

लागलं. पण खरं आहे. बाई बसलेली मी तरी पाहिलेली नाही.

---

निवृत्त_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी ६.१२

३१ वर्षं देवघेवीच्या काउंटरला बसलो, म्हणून अधिकारानं बोलतो.

संशयात्मा यांचा टोला जुना आहे आणि योग्य आहे. आपली सगळ्यात जुनी वाचनालयं बघा. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. त्यातल्या कित्येकांचं मूळ नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. वर्गणी परवडणाऱ्या, शिकलेल्या मंडळींची ती संस्था. 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर आधी आला, सर्व जन दारात यायला फार वेळ लागला. काही ठिकाणी अजून यायचेत.

याच्या उलट उदाहरण आपल्याच माणसाचं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डेन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बडोद्याला आणला. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांचा विभाग वेगळा, मुलांचा वेगळा, आणि ज्या खेड्यात वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. लोक येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावून बसले नाहीत, पुस्तकं उचलली आणि गेले. कायद्याच्या बाबतीत कोल्हापूर संस्थान पुढे होतं, १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, देशात पहिला. आपल्या राज्याचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, सगळं अनुदानावर. साधारण निम्मं पगाराला, निम्मं बाकी सगळ्याला. हप्ता आला की आला. २०२२ मध्ये ६० टक्के वाढीचा निर्णय झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण 'ड' वर्गाला त्यानंतरही वर्षाचे पन्नास हजार पुरते झाले नाहीत. तेव्हा ज्या पोरानं ७००० चा हिशोब मांडला त्याला खलनायक करू नका. तो वीजबिल बघतोय.

आता मुद्द्याचं. तुम्ही बाक विरुद्ध क्युबिकल असा खटला मांडलात. मला तिसराच आरोपी दिसतो. मागच्या दालनात कपाटं किती? त्यातली किती पुस्तकं गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर गेलेली नाहीत? देवघेवीची नोंद काढा. जुनी गाइडं, बंद पडलेल्या अभ्यासक्रमांची पुस्तकं, एकाच कादंबरीच्या वाळवी लागलेल्या पाच प्रती. जागा बाक खात नाहीये, ही खातायत. निर्लेखन करा, म्हणजे निकामी पुस्तकं रीतसर नोंदीतून काढून टाका. यादी, कार्यकारिणीचा ठराव, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची मंजुरी. कटकट आहे, पण होतं. मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये पाच सिद्धांत सांगितले, त्यातला पहिला: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आमच्याकडे तो फ्रेम करून लावला होता. ज्या कपाटावर लावला होता त्याची किल्ली १९९४ पासून हरवलेली.

---

लक्ष्यभेद | मंगळवार, सकाळी ७.५०

मी त्या 'ढीगभर पोरां'पैकी एक. तिसरा अटेम्प्ट. माझी बाजू पण ऐका.

आमचं घर म्हणजे दीड खोली, माणसं सहा. टीव्ही बंद करा म्हणायला मी कोण? पुण्यात पेठेत राहून तयारी करायला दरमहा जेवढे लागतात तेवढं बाबांचं उत्पन्न नाही. आमच्या गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका नसती तर मी केव्हाच एखाद्या शोरूमला लागलो असतो. सकाळी सातला जातो, रात्री नऊला येतो. आठ-दहा जणांनी डबे एकत्र केलेत, दुपारी ओट्यावर बसून खातो. एकाकडे पेपर सोडवून बघायला प्रिंटर आहे, एकीचं इंग्रजी चांगलं आहे. दोघं गेल्या वर्षी लागले, एक मंत्रालयात लिपिक, एक एसटीआय (राज्य कर निरीक्षक). त्यांनी नोट्स अभ्यासिकेतच ठेवल्या. हे गाव जोडणं नाही का?

फक्त एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या बाकावरच्या काकांचा आम्हाला त्रास होतो. पेपर मोठ्यानं वाचतात, त्यावर भांडतात. मराठी माणसाला संपादकीय मनात वाचता येत नाही बहुतेक.

---

दुपारी_चार | मंगळवार, दुपारी १.१५

पहिल्यांदाच लिहितेय इथे, चूकभूल द्यावी.

बाई बाकावर का दिसत नाही याचं उत्तर वाचनालयाच्या दारावरच लिहिलेलं असतं. वेळ. काउंटरपलीकडे, तुमच्या वाचनालयाची वेळ काय?

---

काउंटरपलीकडे | मंगळवार, दुपारी १.२२

सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ४.३० ते ७.३०.

---

दुपारी_चार | मंगळवार, दुपारी २.०३

वाटलंच. आमच्याकडेही हीच. आठ ते अकरा म्हणजे डबे, धुणं, शाळेची रिक्षा. साडेचार ते साडेसात म्हणजे मुलं घरी, दिवेलागण, कुकर. मधे बारा ते चार मी मोकळी, आणि वाचनालयाला कुलूप. ही वेळ ठरवणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं हे वेगळं सांगायला नको.

माझी सासूबाई ३५ वर्षं त्या वाचनालयाची सभासद आहे. आत किती वेळा गेली असेल? दहाही नाही. आधी दिरांना पाठवायची, मग माझ्या नवऱ्याला, आता नातवाला. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'कुठलंही द्या, वाचलेलं नको.' आणि गंमत म्हणजे ग्रंथपाल बाई वाचलेलं देत नाहीत! चेहरा न पाहिलेल्या बाईनं काय काय वाचलंय हे त्यांच्या डोक्यात आहे. गेल्या वर्षी सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दीड महिना वाचत नव्हत्या, तर ग्रंथपाल बाई रविवारी घरी आल्या, 'चिठ्ठी येईना म्हणून आले' म्हणाल्या. दोघी दोन तास बोलत बसल्या. मी तीनदा चहा केला.

बाकावर आठ माणसं दिसतात म्हणून तुम्ही ती मोजता. चिठ्ठीपलीकडच्या बायका कुठल्या रजिस्टरात येतात?

---

खिडकीतला_वारा | मंगळवार, दुपारी २.२०

दुपारी_चार ताई, साष्टांग. वाचनखूण साठवली.

---

संत्र्याची_बर्फी | मंगळवार, रात्री ८.३५

नागपुरातून लिहितो.

आमच्या वस्तीत वाचनालय म्हणजे विहाराला लागून असलेली खोली. अनुदान नाही, वर्ग नाही, 'ड'ही नाही. (दहा वर्षांहून जास्त काळ सरकारनं नवी मान्यता रोखून धरली होती, अर्ज करून काय करता?) कपाटं लोकांनी दिली, पुस्तकं दीक्षाभूमीवरून येतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे जे स्टॉल लागतात ते बघायला या एकदा. लांब गावाहून भाकरी बांधून आलेली बाई परतताना पुस्तक घेऊन जाते. आमच्यातले चार पोरं दरवर्षी वर्गणी काढून खोलीसाठी एक गठ्ठा आणतात. कुठली पुस्तकं घ्यायची यावर आठ दिवस आधी भांडण.

मुद्दा काय, त्या खोलीत बसून रेशन कार्डापासून जातपडताळणीपर्यंत सगळे फॉर्म भरले जातात. लिहिता येणारा कोणी ना कोणी तिथे असतोच हे वस्तीला माहीत आहे. पुस्तक न घेताही माणूस येतो. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्यामुळे वाचनालयात जाणं म्हणजे काही तरी वरच्या लोकांचं काम, असं आमच्याकडं कोणी मानत नाही.

तुमच्या बाकावर कोण बसतं याच्याबरोबर, कोणाला बसावंसं वाटत नाही ते पण बघा ना भाऊ.

---

संशयात्मा | मंगळवार, रात्री ९.१०

बर्फी, +१. माझ्या प्रतिसादापेक्षा हा चांगला होता, त्रास झाला.

---

कण्णूरचा_मराठी | बुधवार, सकाळी ११.००

नोकरीमुळे सहा वर्षं केरळात. इकडची 'वायनशाला' बघितल्यावर मला आपल्याकडच्या बाकाचा अर्थ कळला.

इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर असते. दोन खोल्या, बाहेर पेपर, आत पुस्तकं, शेजारी कॅरम. बहुतेकींना कला-क्रीडा मंडळ चिकटलेलं असतं. ओणमच्या स्पर्धा, नाटकाच्या तालमी, रक्तदान, सगळं तिथूनच. पी. एन. पणिक्कर नावाच्या शिक्षकानं १९४५ साली ४७ वाचनालयांना एकत्र बसवलं, तिथून ग्रंथशाळा संघ उभा राहिला. 'वायिच्चु वळरुक', वाचा आणि वाढा, हे घोषवाक्य. पुढे साक्षरतेच्या कामासाठी १९७५ मध्ये युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला.

दोन फरक महत्त्वाचे वाटतात. एक, इमारत करावर ५ टक्के ग्रंथालय उपकर आहे. रक्कम छोटी, पण घर असलेला प्रत्येक जण वाचनालयाला पैसे देतो, म्हणून तो जाऊन 'पंखा का बंद आहे' असं विचारू शकतो. दोन, ग्रंथालय परिषदेच्या निवडणुका होतात, तालुक्यापासून वर. चुरशीच्या. पक्षीय राजकारण येतं, शिवीगाळ होते, खोटं का बोला. पण ज्या संस्थेच्या निवडणुकीत लोक भांडतात ती मेलेली नसते.

आणि हो, दुपारी_चार यांच्यासाठी: इथल्या पुष्कळ वाचनालयांतून एक बाई पिशवीत पुस्तकं घेऊन घरोघर जाते. बदलून आणते.

---

निवृत्त_ग्रंथपाल | बुधवार, दुपारी १२.४०

उपकराचा विषय आमच्या अधिवेशनांत मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. ठराव एकमतानं मंजूर होतो, मग जेवण असतं.

---

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री १०.१८

चिपळूणचा उल्लेख राहून चालणार नाही.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं. पुन्हा उभं केलं. २०१३ मध्ये ८६ वं साहित्य संमेलन झालं, त्याचं यजमानपद एका वाचनालयानं घेतलं होतं, हे लक्षात घ्या. घराघरांत पाहुणे उतरवले होते. जानेवारीत अख्खं शहर मांडवात. आणि मग २२ जुलै २०२१. पुन्हा पाणी, आणि या वेळी कितीतरी वर.

पाणी ओसरल्यावर पहिले चार दिवस मी स्वतःच्या घरातला चिखल काढत होतो. पाचव्या दिवशी वाचनालयाकडे गेलो. भिजलेलं पुस्तक उचललंय कधी? पाव जसा पाण्यात फुगतो तसं फुगतं, कपाटात इतकं गच्च बसतं की निघत नाही. ज्यांची दुकानं गेली होती अशी माणसंही फेरी मारून जात होती. काही करण्यासारखं नव्हतं. नुसतं बघून जायची.

नंतर बाहेरगावच्या मित्रांना मी नुसतं 'पुस्तकं गेली' एवढं कळवलं होतं. माझ्या एकट्याच्या पत्त्यावर अकरा खोकी आली. एकात एका मुलीची चिठ्ठी होती, 'यातलं तिसरं पुस्तक मला फार आवडतं, नीट ठेवा.'

कारण हवंय ना तुम्हाला सभेसाठी? मला सांगता येत नाही. पण तात्यांना विचारा, उद्या तुमच्या वाचनालयात पाणी शिरलं तर कोण कोण धावेल त्याची यादी करा म्हणावं. त्या यादीत क्युबिकलवाली पोरं असतील, बाकावरचे म्हातारेही असतील. नुसतं भाडं घेत असाल तर भाडेकरू कशाला येईल?

---

पाटो_पूल | गुरुवार, सकाळी ९.०५

गोव्यातून छोटी भर. आमचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगीज काळातलं. आता नाव कृष्णदास शामा, २०१२ पासून पणजीत पाटोला नवी बहुमजली इमारत. मराठी, कोंकणी, पोर्तुगीज, इंग्रजी एकाच छपराखाली. भाषेवरून आमच्याकडे काय रणं माजलीत ते तुम्हाला माहीत आहे. लिफ्टमध्ये मात्र सगळे शेजारी उभे. बोलतात असं नाही, पण उभे असतात.

अवांतर: बसायला खुर्च्या आहेत, बाक नाही. :)

---

वाळवंटातला_वड | गुरुवार, दुपारी ४.३०

दुबईहून. नि.ग्रं. यांनी बडोद्याच्या पेट्यांचं लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना बऱ्याच जणांना माहीत असेल, विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली. एका पेटीत १०० पुस्तकं. पेटी एका घरी ठेवायची, आसपासच्यांनी तिथून नेऊन वाचायची, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. दुबईतही त्या पेट्या आल्या.

आमच्याकडे पेटी आली तेव्हा बायको म्हणाली, घरात आधीच जागा नाही. पहिल्या महिन्यात चार कुटुंबं यायची, नंतर नऊ. इमारतीत आठ वर्षं राहून मला माहीत नव्हतं की सहाव्या मजल्यावर सांगलीचे लोक आहेत. पुस्तक परत द्यायला माणूस आला की दारातून हाकलता येत नाही. बसा म्हणावं लागतं, मग पोहे. पुस्तकाला परतीची तारीख असते हीच खरी युक्ती आहे बघा. भेट दिलेलं पुस्तक माणसाला परत आणत नाही.

---

संशयात्मा | गुरुवार, संध्याकाळी ६.००

'परतीची तारीख' हे आवडलं. मग पीडीएफ फॉरवर्ड करणाऱ्यांनी समाज तोडला असं म्हणायचं का? (पळतो.)

---

संपादक मंडळ | गुरुवार, संध्याकाळी ६.४५

पीडीएफवरची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यात. आधीच तीन आहेत.

---

काउंटरपलीकडे | पुढचा रविवार, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. एक काम केलं. आठवडाभर रोज सकाळी बाकाच्या टोकाला वही घेऊन बसलो. काय दिसलं ते जसंच्या तसं:

सोमवार. एका आजोबांना मोठ्या मथळ्यांपलीकडचं दिसत नाही. शेजारचे त्यांना वाचून दाखवतात. मोठ्यानं वाचण्याचं कारण हे होतं, आम्हाला वाटायचं खोड आहे. (लक्ष्यभेद, नोंद घेणे.) पण राजकारणाची बातमी आली की वाचणारा मधे स्वतःची वाक्यं घालतो, आणि आजोबांना ते कळतं.

मंगळवार. टँकर कुठल्या आळीला कधी येणार याची गावातली सगळ्यात अचूक माहिती बाकावर. नगरपंचायतीतही नाही.

बुधवार. एक बाई दारात उभी राहिली. सासऱ्यांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं विचारायला. निवृत्त बँकवाल्यांनी बाहेर ओट्यावर जाऊन दहा मिनिटं समजावलं. ती आत आली नाही. संशयात्मा, तुमचा मुद्दा वहीत दोनदा अधोरेखित आहे.

गुरुवारी विशेष काही नाही. भांडण, क्रिकेटवरून.

शुक्रवार. नेहमीचे एक जण आले नाहीत. साडेनऊला एकानं फोन केला, उचलला नाही. दोघं उठून घरी गेले. बाथरूममध्ये पडले होते, मुलगा-सून पुण्यात. मांडीचं हाड. आता दवाखान्यात आहेत, ठीक आहेत.

शनिवारी मी वही नेली नाही.

नि.ग्रं. काका, तुमच्या सांगण्यावरून मागचं दालनही बघितलं. ग्रंथपाल बाईंनी नोंदी काढल्या. दहा वर्षांत न हललेली पुस्तकं १९००च्या वर निघाली. एका कपाटात नुसती नववीची जुनी गाइडं.

---

दुपारी_चार | रविवार, रात्री ९.४१

शुक्रवारचं वाचून काटा आला. आणि वेळेचं काय झालं?

---

काउंटरपलीकडे | रविवार, रात्री ९.५०

तासांची बेरीज तीच ठेवून दोन दिवस दुपारी उघडायचं, असा प्रस्ताव लिहिलाय.

---

निवृत्त_ग्रंथपाल | सोमवार, सकाळी ६.०५

ग्रंथपाल बाईंना विचारलंत का?

---

काउंटरपलीकडे | सोमवार, सकाळी ८.३०

नाही. आत्ता विचारायला निघालो.

---

काउंटरपलीकडे | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.२५

गेल्या आठवड्यात सभा झाली. अडीच तास.

वहीतला शुक्रवार वाचला, बाकी काही बोललो नाही. तात्या बराच वेळ गप्प होते. ते पडलेले गृहस्थ त्यांचे वर्गमित्र. प्रस्ताव आणणारा तरुण सदस्य म्हणाला, "बाक राहू दे, पण वीजबिलाचं सांगा." बरोबर बोलला.

ठरलं ते असं. मागच्या दालनातून निर्लेखन करायचं, पाच कपाटं मोकळी होतील, तिथे ८ क्युबिकल्स. १४ नाहीत, त्यामुळे उत्पन्न ४००० च. उरलेल्यासाठी दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी वाढवली, त्यावर दोन सदस्य नाराज आहेत. अभ्यासिकेतल्या मुलांपैकी एक जण कार्यकारिणीला निमंत्रित, मताचा अधिकार नाही. लक्ष्यभेद, हे तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, मलाही वाटत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार सकाळच्याऐवजी दुपारी १२ ते ३. ग्रंथपाल बाई आधी नाहीच म्हणाल्या. त्यांनाही घर आहे, सकाळी अकराला जाऊन त्या सासऱ्यांना जेवायला वाढतात. आम्ही इतकी वर्षं त्यांचं वेळापत्रक ठरवतोय आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनीच तोड काढली, त्या दोन दिवशी लिपिक काउंटर सांभाळणार आणि त्या साडेबाराला येणार. पहिल्या मंगळवारी तीन बायका आल्या. दोघी काउंटरवरून परत गेल्या. तिसरी कपाटांमधून फिरत राहिली, पावणेतीनला निघाली. बाकावर कोणी बसलं नाही.

बाकावरची मंडळी मंगळवार-शुक्रवार सकाळी कुलूप बघून चिडली आहेत. त्यांनी अर्ज दिलाय, आठ सह्या. आता ओट्यावर बसून पेपर वाचतात, स्वतः विकत घेऊन, एकात आठ.

---

संशयात्मा | शनिवार, रात्री १०.४०

आठ सह्या म्हणजे दवाखान्यातल्यांचीही घेतली?

---

काउंटरपलीकडे | शनिवार, रात्री १०.४४

घरी आलेत. सही पहिली त्यांचीच आहे.

बरं, एक मदत हवीय. निर्लेखनाच्या यादीत जुन्या मासिकांचे बांधीव खंड निघालेत, साठच्या दशकातले, कसर लागलेली पण वाचता येण्यासारखे. रद्दीत घालायला ग्रंथपाल बाई तयार नाहीत, ठेवायला जागा नाही. नि.ग्रं. काका, तुम्ही म्हणाल तर मंजुरीआधी यादी पाठवतो. आणखी कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पार्सलचा खर्च तुमचा, खोकी आमची.